अवकाशयानातील पाण्याचा हिशेब

थंड पाण्याने भरलेले एक पातेले बाहेरून कोरडे पुसून घ्या, ते गॅसच्या शेगडीवर ठेवा, आणि शेगडी पेटवून लगेच खाली वाकून पहा. पातेल्याच्या बुडाशी व कडेने बारीक दव जमलेले दिसेल. पाणी फार थंड असेल तर त्याचे थेंब होऊन ते ज्योतीवर पडतील आणि चर्र असा आवाज येईल. पातेले गळते आहे की काय, अशी शंका घरात बहुतेकांना एकदा तरी आलेली असते. पण पातेले गळत नसते. थोड्याच वेळात आतले पाणी तापते, बूडही तापते आणि दव नाहीसे होते.

मग हे पाणी आले कोठून? ते आले ज्योतीतून! स्वयंपाकाच्या गॅसमध्ये कार्बन व हायड्रोजन ही दोन मूलद्रव्ये असतात. गॅस जळताना त्यातील हायड्रोजनचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो आणि पाणी तयार होते. एरवी ते वाफेच्या रूपाने हवेत मिसळून जाते, म्हणून आपल्याला दिसत नाही. थंड पातेले मध्ये आले, की ते थिजून दृष्टीस पडते.

अग्नीतून पाणी निघते हे खरे. पण किती निघते? घरातील एक सिलिंडर संपेपर्यंत किती पाणी तयार होत असेल? एक पेला, एक तांब्या, की एक बादली? उत्तर अंदाजाने देऊ नका. या लेखाच्या अखेरीपर्यंत तुम्ही ते स्वतः काढू शकाल. आणि वाटेत आपण अशा एका प्रवासाला जाऊ, जेथे हाच हिशेब तीन माणसांच्या जिवाशी येऊन भिडला होता.

पाणी हे मूलद्रव्य नव्हे

पाणी हे एक मूळ तत्त्व आहे, असे माणूस हजारो वर्षे मानत आला. इंग्लंडमधील हेन्री कॅव्हेंडिश या शास्त्रज्ञाने १७८१ साली ज्वालाग्राही वायू व हवा यांचे मिश्रण बंद पात्रात ठिणगीने पेटविले, तेव्हा पात्राच्या आतल्या बाजूस दव जमलेले त्याला आढळले. ते शुद्ध पाणी होते. फ्रान्समध्ये लव्हॉयझिए याने १७८३ साली या प्रयोगाचा खरा अर्थ सांगितला: पाणी हे संयुग आहे. त्या ज्वालाग्राही वायूला त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी हायड्रोजन, म्हणजे पाणी उत्पन्न करणारा, असे नाव दिले. आपल्याकडे त्यासाठी ‘उद्‌जन’ हा शब्द करण्यात आला, त्याचाही अर्थ हाच.

आता प्रश्न उरला तो प्रमाणाचा. १८०५ साली गे-ल्युसॅक व हुम्बोल्ट यांनी दाखवून दिले, की दोन आकारमाने हायड्रोजन एक आकारमान ऑक्सिजनशी संयोग पावतो. अणुवादाचा जनक डाल्टन मात्र पाण्यात दोन्ही मूलद्रव्यांचा एकेकच अणू असतो असे धरून चालला होता. त्यामुळे ऑक्सिजनच्या अणुभाराचा त्याचा हिशेबच चुकला. १८११ साली इटलीच्या ॲव्होगॅड्रोने गाठ सोडविली. सारख्या तापमानाला व दाबाला वायूंच्या सारख्या आकारमानांत रेणूंची संख्याही सारखीच असते, असे त्याने सांगितले. त्यावरून पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन व ऑक्सिजनचा एक अणू असतो हे ठरते. एवढी सरळ गोष्ट सर्वांना पटायला पुढे जवळजवळ पन्नास वर्षे गेली. प्रमाणातील एका चुकीने केवढा गोंधळ होतो पहा!

आज आपण समीकरण असे मांडतो:

हायड्रोजनचे २ रेणू + ऑक्सिजनचा १ रेणू → पाण्याचे २ रेणू

डावीकडे हायड्रोजनचे ४ अणू व ऑक्सिजनचे २ अणू, उजवीकडेही तेवढेच. समीकरण संतुलित आहे.

रेणूंचा ‘शेकडा’

पत्रावळी शेकड्याने मिळतात, केळी डझनाने, तर कागद रिमाने. वस्तू जितकी लहान, तितका तिचा गठ्ठा मोठा. रेणू तर इतके लहान, की त्यांचा गठ्ठाही अफाट हवा. या गठ्ठ्याला मोल म्हणतात. एका मोलमध्ये ६०२२ या आकड्यापुढे २० शून्ये मांडली असता जी संख्या येईल, सुमारे तेवढे कण असतात. हीच ॲव्होगॅड्रो संख्या होय. पूर्वी मोलची व्याख्या १२ ग्रॅम कार्बनवरून करीत असत. २०१९ सालापासून ही संख्याच ठरवून दिलेली आहे.

ही संख्या निवडण्यात एक सोय आहे. कोणत्याही पदार्थाचा रेणुभार जितका, तितके ग्रॅम तो पदार्थ घेतला की त्याचा एक मोल होतो. हायड्रोजनचा अणुभार १ व ऑक्सिजनचा १६ धरू. मग हायड्रोजन वायूचा एक मोल म्हणजे २ ग्रॅम, ऑक्सिजन वायूचा ३२ ग्रॅम आणि पाण्याचा १८ ग्रॅम. रेणू मोजता येत नाहीत, पण ग्रॅम मोजता येतात. तराजूवर वजन केले की रेणूंची मोजदाद झाली!

आता वरचे समीकरण मोलच्या भाषेत वाचा: २ मोल हायड्रोजन व १ मोल ऑक्सिजन मिळून २ मोल पाणी. वजनाच्या भाषेत: ४ ग्रॅम हायड्रोजन व ३२ ग्रॅम ऑक्सिजन मिळून ३६ ग्रॅम पाणी. समीकरणातील आकडे हे ग्रॅमचे नसून मोलचे असतात, ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. परीक्षेतील निम्म्या चुका येथेच होतात.

हिशेबाच्या चार पायऱ्या आहेत:

पायरी १: समीकरण संतुलित करा.
पायरी २: दिलेल्या पदार्थांच्या ग्रॅमचे मोल करा (ग्रॅम ÷ रेणुभार).
पायरी ३: समीकरणातील प्रमाणावरून पाण्याचे मोल काढा.
पायरी ४: पाण्याच्या मोलना १८ ने गुणून ग्रॅम करा.

आधी काय संपते?

दोन पदार्थ दिलेले असतील, तर तिसऱ्या पायरीवर थोडे थांबावे लागते. समजा, घरी पंगत आहे. प्रत्येक पानाला एक पत्रावळ व दोन द्रोण लागतात. तुमच्यापाशी १०० पत्रावळी आणि १२० द्रोण आहेत. किती पाने मांडता येतील? साठ! द्रोण संपले की पत्रावळी कितीही शिल्लक असल्या तरी पान मांडता येत नाही. संख्येने द्रोण जास्त होते, तरी तेच आधी संपले, हेही लक्षात घ्या.

रासायनिक अभिक्रियेतही असेच होते. जो पदार्थ आधी संपतो, तोच उत्पादन किती होणार ते ठरवितो. त्याला मर्यादक अभिक्रियाकारक म्हणतात.

एक उदाहरण पाहू. १० ग्रॅम हायड्रोजन व १० ग्रॅम ऑक्सिजन बंद पात्रात एकत्र करून ठिणगी टाकली. पाणी किती होईल? २० ग्रॅम म्हणाल तर फसाल. हायड्रोजनचे मोल १० ÷ २ = ५. ऑक्सिजनचे मोल १० ÷ ३२ = ०.३१२५. पाच मोल हायड्रोजनला अडीच मोल ऑक्सिजन हवा. तो तर एक तृतीयांश मोलसुद्धा नाही. तेव्हा ऑक्सिजन आधी संपणार. एक मोल ऑक्सिजनपासून २ मोल पाणी, म्हणून ०.३१२५ मोलपासून ०.६२५ मोल पाणी, म्हणजे ११.२५ ग्रॅम. त्यात हायड्रोजन केवळ १.२५ ग्रॅम खर्च झाला. उरलेला ८.७५ ग्रॅम पात्रात तसाच राहिला. ११.२५ अधिक ८.७५ बरोबर २०. वजनाचा मेळ बसला!

चंद्राच्या वाटेवर

आता आपल्या प्रवासाला निघू. ११ एप्रिल १९७० रोजी अमेरिकेचे अपोलो-१३ हे यान चंद्राकडे निघाले. त्यात जेम्स लव्हेल, जॅक स्विगर्ट व फ्रेड हेझ हे तिघे अंतराळवीर होते. यानाचे तीन भाग होते: अंतराळवीर बसतात तो आज्ञाकक्ष, त्याला जोडलेला सेवाकक्ष आणि चंद्रावर उतरण्यासाठी असलेले छोटे चांद्रयान. या चांद्रयानाचे नाव होते ‘ॲक्वेरिअस’, म्हणजे कुंभ रास, घागरीतून पाणी ओतणारा.

दहा दिवसांच्या प्रवासाला पुरेल इतकी वीज साध्या बॅटऱ्यांतून घ्यायची तर त्यांचे वजन फार होते. पिण्याचे पाणी पृथ्वीवरून न्यायचे तर त्याचेही ओझे. या दोन्ही अडचणी एकाच युक्तीने दूर करण्यात आल्या. सेवाकक्षात तीन इंधन-घट बसविले होते. इंधन-घटात हायड्रोजन जळत नाही, ज्योत नसते. पोटॅशिअम हायड्रॉक्साइडच्या विद्रावात बुडलेल्या दोन सच्छिद्र निकेल पट्ट्यांपैकी एकीला हायड्रोजन व दुसरीला ऑक्सिजन पुरवितात. त्यांचा संयोग होताना हायड्रोजनकडून निघालेले इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून फिरून ऑक्सिजनकडे जातात. हाच विद्युत् प्रवाह. आणि शेवटी उरते ते पाणी! या घटाचे मूळ तत्त्व विल्यम ग्रोव्ह याने १८३९ सालीच दाखविले होते. इंग्लंडमधील फ्रान्सिस बेकन या अभियंत्याने त्यावर अनेक वर्षे खपून तो कामाचा केला, आणि त्याच धर्तीचे घट अपोलोत गेले.

सेवाकक्षात हायड्रोजनच्या दोन टाक्या होत्या, प्रत्येकीत सुमारे १२.७ किलोग्रॅम. ऑक्सिजनच्याही दोन, प्रत्येकीत सुमारे १४५ किलोग्रॅम. आता सांगा, या साठ्यातून जास्तीत जास्त किती पाणी तयार होऊ शकेल?

हायड्रोजन एकूण २५,४०० ग्रॅम, म्हणजे १२,७०० मोल. त्याला ऑक्सिजन लागेल निम्मा, म्हणजे ६,३५० मोल. ६,३५० × ३२ = २,०३,२०० ग्रॅम, म्हणजे सुमारे २०३ किलो. टाक्यांत ऑक्सिजन आहे २९० किलो. तेव्हा येथे हायड्रोजन आधी संपणार. पाणी होणार १२,७०० मोल, म्हणजे १२,७०० × १८ = २,२८,६०० ग्रॅम, सुमारे २२९ किलो.

ऑक्सिजन ८७ किलो जास्त का घेतला होता? कारण ऑक्सिजनला घटाखेरीज आणखी एक काम होते. अंतराळवीरांच्या श्वसनासाठी कक्षात भरला जाणारा ऑक्सिजनही याच टाक्यांतून येत असे.

वीज मोजली की पाणी मोजले

इंधन-घटातील पाणी मोजण्याची आणखी एक सुंदर रीत आहे. पाण्याचा एक रेणू तयार होताना दोन इलेक्ट्रॉन तारेतून जातात. म्हणून पाण्याच्या एका मोलमागे इलेक्ट्रॉनचे दोन मोल. एक मोल इलेक्ट्रॉनचा विद्युत्‌भार सुमारे ९६,५०० कुलोम असतो. हा फॅराडेचा स्थिरांक होय. तेव्हा एक मोल पाण्यामागे १,९३,००० कुलोम विद्युत्‌भार वाहतो. एक ॲम्पिअर म्हणजे दर सेकंदाला एक कुलोम, हे तुम्हांला ठाऊकच आहे.

समजा, यानात सर्व मिळून ७० ॲम्पिअर प्रवाह वापरला जात आहे. २८ व्होल्टला हे सुमारे दोन किलोवॅट होतात. अपोलोचा नेहमीचा वापर साधारण एवढाच असे. एका तासात ७० × ३,६०० = २,५२,००० कुलोम. त्याला १,९३,००० ने भागले की १.३०६ मोल पाणी. पण थांबा. एका घटाचा दाब जेमतेम एक व्होल्ट असतो. २८ व्होल्ट मिळावेत म्हणून प्रत्येक संचात असे ३१ घट एकापुढे एक जोडलेले होते. एकसरी जोडणीत तोच प्रवाह प्रत्येक घटातून जातो, आणि प्रत्येक घट आपापले पाणी तयार करतो. म्हणून १.३०६ × ३१ = सुमारे ४०.५ मोल, म्हणजे तासाला ७२९ ग्रॅम पाणी. दिवसाला साडेसतरा किलो!

तिघांना पिण्यासाठी व अन्न भिजविण्यासाठी हे पुरून उरे. जास्तीचे पाणी अवकाशात सोडून देत. आणि १२,७०० मोल हायड्रोजन तासाला ४०.५ मोल या दराने किती तास पुरेल? सुमारे ३१४ तास, म्हणजे तेरा दिवस. दहा दिवसांच्या मोहिमेला तीन दिवसांची शिल्लक. आकडे कसे जुळतात पहा.

टाकी फुटली

यान निघून सुमारे ५६ तास झाले होते. पृथ्वी सव्वातीन लाख किलोमीटर मागे राहिली होती. १३ एप्रिलच्या रात्री सेवाकक्षातील ऑक्सिजनची दुसरी टाकी फुटली. उड्डाणापूर्वी जमिनीवर केलेल्या कामात टाकीच्या आतील तारांचे आवरण अतिशय तापून खराब झाले होते, आणि तेथे ठिणगी पडली, असे पुढे चौकशीत आढळले. धक्क्याने पहिल्या टाकीलाही गळती लागली. तीनपैकी दोन इंधन-घट काही मिनिटांत बंद पडले. पहिल्या टाकीतील उरलासुरला ऑक्सिजन दोन-अडीच तासांत निघून गेला आणि तिसराही घट थांबला.

या वेळी हायड्रोजन किती शिल्लक होता? ७० ॲम्पिअरचे आपले गृहीत धरले तर ५६ तासांत सुमारे २,२७० मोल संपले असतील. उरले १०,४३० मोल, म्हणजे जवळजवळ २१ किलो. त्याला ऑक्सिजन मिळता तर १८८ किलो पाणी तयार झाले असते, आणि आठवड्याहून अधिक काळ वीज. पण ऑक्सिजन शून्य मोल. म्हणून पाणीही शून्य मोल, आणि वीजही शून्य! चांद्रयानात श्वसनापुरता ऑक्सिजन होता, पण तो सेवाकक्षातील घटांपर्यंत नेण्याची काही सोय नव्हती. पत्रावळींचा ढीग पडला आहे, पण द्रोण एकही नाही, अशी ती अवस्था. वहीत आपण ज्याला मर्यादक अभिक्रियाकारक म्हणतो, तो येथे तिघांच्या जिवावर उठला होता.

तिघेही चांद्रयानात गेले. ते बॅटऱ्यांवर चालत असे. त्यात पाणी तयार होत नसे, टाक्यांत भरून नेलेले असे तेवढेच. दोन माणसांना सुमारे दोन दिवस पुरेल अशा बेताने ते बांधलेले होते. आता तेथे तिघांना साडेतीन दिवस काढायचे होते. आणि या पाण्याचे मोठे गिऱ्हाईक माणसे नव्हेत, तर यंत्रे होती! विजेची उपकरणे तापतात. अवकाशात हवा नाही, म्हणून उष्णता काढून घ्यायला वारा नाही. तेथे पाण्याचे बर्फ होऊन, त्या बर्फाची निर्वातात वाफ होऊन जाताना उष्णता वाहून नेली जाई. जितकी वीज वापरावी तितकी उष्णता जास्त, आणि तितके पाणी खर्च. पहिला हिशेब असा निघाला, की पृथ्वीवर परतण्याच्या सुमारे पाच तास आधी पाणी संपणार.

म्हणून जवळजवळ सर्व उपकरणे बंद करण्यात आली. कक्षात कडाक्याची थंडी पडली. पिण्याचे पाणी प्रत्येकी दिवसाला सुमारे १८० मिलिलिटरवर आणले, म्हणजे एक लहान पेलाभर! तिघांचे मिळून १४ किलो वजन घटले. हेझला मूत्रमार्गाचा विकार होऊन ताप भरला. पण १७ एप्रिल रोजी यान प्रशांत महासागरात सुखरूप उतरले, आणि त्याआधी सोडून दिलेल्या चांद्रयानात सुमारे १३ किलो पाणी शिल्लक होते. थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणाऱ्यांचा हा विजय होता.

श्वासातून निघालेले पाणी

याच प्रवासात आणखी एका अभिक्रियेने पाणी तयार केले, तिची फारशी चर्चा होत नाही. माणूस दिवसाला सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. बंद कक्षात तो साठला तर गुदमरून मृत्यू ओढवेल. तो शोषून घेण्यासाठी यानात लिथिअम हायड्रॉक्साइडचे डबे असतात. चांद्रयानातील डबे दोघांच्या बेताचे होते. आज्ञाकक्षातील डबे भरपूर होते, पण ते चौकोनी, आणि चांद्रयानाची जागा गोल! जमिनीवरील अभियंत्यांनी प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, नळी व चिकटपट्टी यांची जोडणी तयार केली, ती कशी करावयाची हे रेडिओवरून सांगितले, आणि अंतराळवीरांनी ती बनविली. त्या डब्यांत ही अभिक्रिया चाले:

लिथिअम हायड्रॉक्साइडचे २ मोल + कार्बन डायऑक्साइडचा १ मोल → लिथिअम कार्बोनेटचा १ मोल + पाण्याचा १ मोल

तिघांचा एका दिवसाचा कार्बन डायऑक्साइड ३,००० ग्रॅम. त्याचा रेणुभार ४४. म्हणून ३,००० ÷ ४४ = ६८.२ मोल. तितकेच मोल पाणी, म्हणजे सुमारे १,२२७ ग्रॅम! लिथिअम हायड्रॉक्साइड लागणार दुप्पट, १३६.४ मोल. त्याचा रेणुभार २४, म्हणजे सुमारे ३,२७३ ग्रॅम. दिवसाला सव्वातीन किलो पावडर आणि सव्वा लिटर पाणी. पण हे पाणी वाफेच्या रूपाने कक्षातील हवेत जाई. श्वासाचा व घामाचा ओलावाही त्यातच मिसळे. परतताना बंद पडलेल्या थंडगार आज्ञाकक्षाच्या भिंती व खटक्यांचे फलक यांवर पाण्याचे थेंब जमले होते. आपल्या थंड पातेल्यावर जमतात अगदी तसेच.

पुढची पावले

अपोलोनंतर अमेरिकेच्या अवकाशफेरी यानांनीही १९८१ ते २०११ या काळात इंधन-घटच वापरले, आणि त्यांत तयार झालेले पाणी आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकालाही पुरविले. आपल्या ‘इस्रो’ने १ जानेवारी २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी ५८ या अग्निबाणाबरोबर १०० वॅट श्रेणीचा इंधन-घट पाठवून अवकाशात त्याची चाचणी घेतली. अवकाशस्थानकात २०१० साली आणखी एक यंत्रणा बसविण्यात आली. तीत कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन यांच्यापासून पाणी व मिथेन तयार होत असे. ही अभिक्रिया फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबात्ये याच्या नावाने ओळखली जाते. श्वासातून टाकलेल्या वायूतून पुन्हा पिण्याचे पाणी! माणूस मंगळावर जाईल तेव्हा असे मोलचे हिशेब त्याला रोज करावे लागतील.

आणि आपला सिलिंडर?

आता स्वयंपाकघरात परत येऊ. सोयीसाठी गॅस म्हणजे केवळ ब्यूटेन असे धरू. त्याच्या रेणूत कार्बनचे ४ व हायड्रोजनचे १० अणू असतात, म्हणून रेणुभार ५८.

ब्यूटेनचे २ मोल + ऑक्सिजनचे १३ मोल → कार्बन डायऑक्साइडचे ८ मोल + पाण्याचे १० मोल

म्हणजे ब्यूटेनच्या एका मोलमागे पाण्याचे पाच मोल. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. १४,२०० ÷ ५८ = २४४.८ मोल ब्यूटेन. पाणी त्याच्या पाचपट, १,२२४ मोल. १,२२४ × १८ = सुमारे २२,००० ग्रॅम. बावीस किलो! जेवढा गॅस, त्याच्या दीडपटीहूनही जास्त पाणी. तेव्हा पेला नव्हे, तांब्या नव्हे, तर चांगली मोठी बादली भरून पाणी दर सिलिंडरमागे आपल्या स्वयंपाकघराच्या हवेत मिसळून जाते.

गॅसपेक्षा पाण्याचे वजन जास्त कसे, असे कोणी विचारील. गॅस जळताना त्याने हवेतून सुमारे ५१ किलो ऑक्सिजन घेतला, हे त्याला सांगा. उरलेला हिशेब त्यालाच करू द्या.

तुम्हीच सोडवा

१. १८० ग्रॅम ग्लुकोज (एक मोल) शरीरात पूर्णपणे जाळले गेले. समीकरणाप्रमाणे ग्लुकोजच्या १ मोलपासून पाण्याचे ६ मोल होतात. पाणी किती ग्रॅम?

२. चंद्रावर जाणाऱ्या अग्निबाणाच्या वरच्या टप्प्यांत १ किलो हायड्रोजनबरोबर ५.५ किलो ऑक्सिजन जाळीत, असे धरा. आधी काय संपेल? पाणी किती किलो होईल?

३. अवकाशस्थानकातील अभिक्रियेत कार्बन डायऑक्साइडचा १ मोल व हायड्रोजनचे ४ मोल यांपासून पाण्याचे २ मोल मिळतात. एका माणसाचा दिवसाचा १ किलो कार्बन डायऑक्साइड आणि १०५ ग्रॅम हायड्रोजन घेतल्यास पाणी किती ग्रॅम मिळेल?

उत्तरे: (१) १०८ ग्रॅम. (२) ऑक्सिजन; सुमारे ६.१९ किलो पाणी, सुमारे ०.३१ किलो हायड्रोजन उरतो. (३) कार्बन डायऑक्साइड २२.७ मोल, हायड्रोजन ५२.५ मोल, हायड्रोजन आधी संपतो, पाणी २६.२५ मोल म्हणजे सुमारे ४७२ ग्रॅम.